कापूस पद्धत

कंपनीत त्याला सगळे टक्का म्हणत. टकलाशी त्याचा काही संबंध नव्हता, केस चांगले शाबूत होते. नाव पडलं होतं कामावरून. कंपनीचा फोनवर खेळायचा एक खेळ होता. खेळात रान होतं, रानात चित्रविचित्र जनावरं होती आणि खेळणाऱ्याने त्यांच्या अंगावर डबी फेकून त्यांना पकडायचं होतं. कुठलं जनावर किती सहजासहजी हाती लागावं, हे ठरवायचं काम टक्क्याचं.

काम तसं सरळ होतं. प्रत्येक जनावराला एक आकडा. चिखल्या नावाचा एक ढब्बू प्राणी होता, त्याचा आकडा इतका मोठा की डबी नुसती दाखवली तरी तो आपणहून आत जाऊन बसे. काजळगेंड्याचा आकडा मात्र तीन. तो ताजातवाना असताना पत्र्याच्या साध्या डबीत सापडणं म्हणजे जवळजवळ अशक्यच. जनावराला आधी झोडपून दमवलं की आकडा वाढे, झोपवलं की दुप्पट होई, चांदीची डबी असली की आणखी चढे. या सगळ्याचा गुणाकार करून यंत्र एक चिठ्ठी उचले. चिठ्ठीवरचा आकडा गुणाकाराच्या आत आला तर जनावर तुमचं, नाहीतर राम राम. डबी जनावराच्या अंगाला टेकते त्याच क्षणी हे सगळं उरकलेलं असे.

पुढे पडद्यावर दिसे ते नाटक. डबी जमिनीवर पडे, एकदा हले, दुसऱ्यांदा हले, मागे ढोल वाजे, तिसऱ्यांदा हले, आणि खेळणाऱ्याचा जीव टांगणीला लागे. या नाटकात साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, एक बारीकशी सुधारणा सुचवली होती. जनावर सुटणारच असेल तर डबी शक्यतो तिसऱ्या हलण्यानंतर फुटावी.

"पहिल्या झटक्यात फुटली की माणूस फोन बाजूला ठेवतो," साहेब म्हणाले होते. "तिसऱ्याला फुटली की म्हणतो, अरेरे, थोडक्यात हुकलं! आणि आणखी डब्या विकत घेतो."

टक्क्याने ते मुकाट्याने करून दिलं होतं. त्याला त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं. आपण गणित केलं, ते चोख आहे, बाकी सजावट इतरांची, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. गणित कळणाऱ्या माणसाला स्वतःची समजूत घालणंही चांगलं जमतं.

त्याच्या सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून लेकीकडे राहायला आल्या आणि इथून गोष्ट बिघडली.

सासूबाई एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण ते गुडघे सोडून बाकी कुठल्याच अवयवाला कळलेलं नव्हतं. त्यांच्या वॉर्डात पेशंट विचारून शिंकत, असं लोक सांगायचे. आता त्या बाई दिवसभर बाहेरच्या खोलीतल्या आरामखुर्चीत, पाय स्टुलावर टाकून बसणार म्हटल्यावर लेक सावध झाली. बसल्या जागेवरून त्यांनी फ्रिजची, कपाटांची आणि जावयाच्या पगाराची तपासणी सुरू केली असती. तिने आईच्या फोनमध्ये नवऱ्याच्या कंपनीचा खेळ टाकून दिला.

"यात काय करायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"जनावरं पकडायची."

"पकडून?"

"ठेवून द्यायची."

सासूबाईंना ते पटलं. आयुष्यभर त्यांनी माणसांना खाटांवर ठेवूनच दिलं होतं.

खेळायला घेतल्यावर थोड्याच वेळात त्यांच्यासमोर काजळगेंडा उभा राहिला. त्याला दमवायचं असतं, झोपवायचं असतं, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पत्र्याची डबी फेकली. डबी हलायला लागल्यावर ती घरंगळून जाईल असं त्यांना वाटलं, म्हणून इंजेक्शननंतर कापूस दाबून धरतात तसा त्यांनी अंगठा डबीवर दाबून धरला. डबी तीनदा हलली आणि मिटली. काजळगेंडा आत.

संध्याकाळी टक्का घरी आला तेव्हा त्यांनी फोन त्याच्या नाकासमोर धरला. "जावईबापू, हे अवघड असतं म्हणे."

टक्क्याने पाहिलं आणि तो मनापासून खूश झाला. "आई, कमाल झाली! हजारात एखाद्याला मिळतो असा. नशीब जोरावर आहे तुमचं."

"नशीब?" सासूबाईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की इस्पितळात लोक भिंतीला चिकटून उभे राहत. "अंगठा दाबून धरला मी."

"अंगठ्याने काही होत नाही, आई. डबी टेकली तेव्हाच ठरलेलं असतं. नंतरचं हलणं नुसतं दिखाऊ आहे. मीच लिहिलंय ते."

"तुम्ही लिहिलंत, मी पकडलं."

"तसं नव्हे. लाखभर लोक डब्या फेकतात. त्यात कुणाला ना कुणाला पहिल्या फटक्यात मिळणारच."

"मी तेच म्हणतेय. लाखातून मलाच का मिळाला?"

टक्क्याकडे याचं उत्तर होतं, पण ते मघाशी देऊन झालं होतं. त्याने ते पुन्हा दिलं. सासूबाईंनी, शिकाऊ डॉक्टरचं ऐकून घ्यावं तसं, मान हलवत ऐकून घेतलं आणि फोनकडे वळल्या.

त्या दिवसापासून त्या प्रत्येक जनावरावर अंगठा दाबून धरू लागल्या. कधी मिळे, कधी न मिळे. मिळालं की अंगठ्यामुळे. सुटलं तर त्याला कारणं असत. श्वास चुकला, अंगठा घामेजला होता, जावयाने नेमकं तेव्हाच दार उघडलं. पद्धत कधी चुकत नसे, चुके तो माणूस. वैद्यकशास्त्रात इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

खालच्या मजल्यावरची पार्लरवाली त्यांचे केस कापायला घरी येत असे. तीही हाच खेळ खेळायची आणि काजळगेंड्याने तिच्या नाकी नऊ आणले होते. सासूबाईंनी तिला समोर बसवून शिकवलं. पाठ ताठ. खांदे सैल. श्वास सोडत डबी टाकायची. पहिल्या हलण्याला अंगठा ठेवायचा, दाबायचा नाही. दुसऱ्याला दाबायचा, चिरडायचा नाही.

"रक्त थांबलं पाहिजे, पण पेशंट ओरडता कामा नये. इतकाच दाब."

पार्लरवालीला त्याच बैठकीत बर्फमांजर मिळालं. तिने गिऱ्हाइकांना सांगितलं. गिऱ्हाइकांपैकी एकीचा नवरा दातांचा डॉक्टर होता, तो दवाखाना बंद करून शिकायला आला. टक्का घरी यायचा तेव्हा बाहेरच्या खोलीत पाच-सहा मोठी, कमावती माणसं ताठ बसून एका सुरात श्वास सोडत असायची आणि त्याला चपला काढायलाही जागा नसायची. पार्लरवालीने याचा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. नाव दिलं 'कापूस पद्धत'. बघता बघता तो पसरला.

"तू आईला समजाव ना," टक्का बायकोला म्हणाला.

"अजिबात नाही. पहिल्यांदाच तिने सबंध आठवडा गुडघ्याचं नाव काढलेलं नाही. शिवाय माझ्या कपाटाकडे बघितलेलंही नाही."

कंपनीतही व्हिडिओ पोचला. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्यावर सासूबाई अंगठा उंचावून बसल्या होत्या आणि मागे टक्क्याच्या घरातला, टक्क्याने स्वतः लावलेला, थोडा वाकडा पंखा फिरत होता.

"या बाईंनी डब्यांची विक्री दुप्पट केली," साहेब म्हणाले. "आपण जाहिरातीवर ओतलेला पैसा पाण्यात, आणि या खुर्चीत बसून... कोण आहेत या? शोधून काढा."

टक्क्याने हात वर केला. आपण हात का वर केला याचा तो पुढे बरेच दिवस विचार करत होता.

साहेबांना कल्पना सुचायला वेळ लागला नाही. खेळात कापसाचं बटण आणायचं. डबी हलायला लागली की गोल, पांढरं, मऊ दिसणारं बटण उगवेल, ते दाबून धरायचं. कापूस अर्थात विकत घ्यावा लागेल.

"पण त्याने करायचं काय?" टक्क्याने विचारलं. "आकडा वाढवायचा? किती?"

साहेबांनी वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाई कंपनीत आठवड्यातून एकदाच येत आणि कुणाकडे पाहून हसत नसत.

"बटणाने शक्यता वाढत असेल," त्या म्हणाल्या, "तर ती किती वाढते हे जाहीर करावं लागेल. जाहीर केलेलं खोटं निघालं तर दंड आहे."

"आणि त्याने काहीच होत नसेल तर?" साहेबांनी विचारलं.

"तर ती शोभेची वस्तू. शोभेच्या वस्तूला टक्केवारी लागत नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे काही करत नसेल तर आपण प्रामाणिक!"

"कायद्याने," वकीलबाई म्हणाल्या.

"पण मग लोकांना सांगायचं काय?" टक्का.

"काही नाही. लिहायचं, कापूस. कापूस म्हणजे कापूस. आपण कुठे काय म्हणतोय?" साहेब म्हणाले.

टक्क्याने बटण तयार केलं. दाबल्यावर ते जरा आत जाई, कडेने फुगे, पुन्हा वर येई. दाबल्यावर काय व्हावं, हे जिथे लिहायचं तिथे त्याने काहीच लिहिलं नाही. इतका निर्दोष कोड त्याच्या हातून आयुष्यात झाला नव्हता. तपासणाऱ्यांना त्यात एकही चूक सापडली नाही.

सासूबाईंशी करार झाला. त्यांच्या तोंडचं एक वाक्य बटणाबरोबर ऐकू येई, "दाबा, चिरडू नका." त्यांनी दोन साड्या घेतल्या आणि काठी चांगल्यातली घेतली. जावयावरचा त्यांचा राग मावळला. "उशिरा का होईना, तुमच्या कंपनीला पटलं," त्या म्हणाल्या. टक्का फक्त "हं" म्हणाला. पगार घेणारा माणूस "हं" म्हणायला लवकर शिकतो.

मग साहेबांनी एका मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. दुपारची वेळ होती आणि खुर्च्या भरून लोक भिंतीलगत उभे होते. सासूबाई मंचावर बसणार आणि सगळ्यांसमोर नवाकोरा काजळगेंडा पकडून दाखवणार. टक्का पडद्यामागे, तारांच्या जंजाळात, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. काही अडलंच तर हाताशी असावा म्हणून.

सासूबाईंनी डबी फेकली. पाठ ताठ, खांदे सैल. सगळं सभागृह त्यांच्याबरोबर श्वास सोडत होतं. डबी तीनदा हलली आणि फुटली. लोक हळहळले. त्यांनी दुसरी टाकली. तिसऱ्या हलण्याला फुटली. पुढचीही फुटली, त्याच्या पुढचीही. आधी लोक "थोडक्यात हुकलं" म्हणत होते. मग म्हणेनासे झाले. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू पुढच्या रांगांपर्यंत सरकत आलं.

टक्का फटीतून पाहत होता. ही ती घटका होती. तो घसा फोडून सांगत होता तेच गणित आता शेकडो लोकांसमोर स्वतः बोलत होतं. आकडा तीन म्हणजे काय, हे याहून छान कुणालाही समजावता आलं नसतं. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं त्याला वाटलं. तेवढ्यात सासूबाईंनी अंगठा पदराला पुसला. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा पुसताना कोपर लागून काठी आपटून खाली पडली. ती उचलायला त्यांना वाकता येईना.

साहेब धावत पडद्यामागे आले. "अरे बघतोस काय! बाईंचं खातं उघड. आकडा वाढव."

"साहेब, ही फसवणूक..."

"मग सासूला सांग तसं मंचावर जाऊन!"

टक्क्याने खातं उघडलं. तिथे एक चौकट होती, त्यात त्याने सर्वांत मोठा आकडा घातला. आता गेंड्याला निसटायला वाव नव्हता. सासूबाईंनी डबी टाकली, अंगठा ठेवला, दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. मिटली.

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. दातांचा डॉक्टर खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. सासूबाईंनी माइक हातात घेतला, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "आधी अंगठा कोरडा नव्हता, म्हणून उशीर झाला. माझे जावई याच कंपनीत आहेत. ते म्हणतात, हे सगळं नशीब असतं, अंगठ्याने काही होत नाही. आता बघितलंत तुम्ही." आणि लोक जावयाला हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर टक्क्याने सांगून टाकलं. बायको होती, सासूबाई होत्या.

"आई, कालचा गेंडा मी दिला. तुमच्या खात्यावर आकडा वाढवला म्हणून तो सापडला."

सासूबाईंनी कप बशीत ठेवला. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं.

"जावईबापू," त्या मायेने म्हणाल्या, "यश दुसऱ्याला मिळालं की होतं माणसाला असं. आमच्याकडे डॉक्टरांनाही व्हायचं. पेशंट नर्सच्या हाताने बरा झाला की म्हणायचे, मीच औषध बदललं होतं."

"अहो, खरंच मी..."

"असू दे. मी कुणाला सांगणार नाही."

त्या काठी टेकत आतल्या खोलीत गेल्या. दार लागल्यावर बायको पुढे वाकून हळूच म्हणाली, "खरंच करता येतं तसं?"

"येतं. मी तेच तर सांगतोय! तुझा तरी विश्वास बसला ना?"

"बसला ना," ती म्हणाली आणि तिने पदराआडून आपला फोन काढला. त्यातही रान होतं. "मग माझ्या खात्यावरही कर ना रे. मला काजळगेंडा कधीचा मिळत नाहीये."

टक्का नाही म्हणाला. त्यानंतर काही दिवस त्या घरात सकाळी दोनच कप चहा होत होता आणि त्यातला एकही त्याचा नसे.

कंपनीत साहेब नवीन बेत घेऊन बसले होते. गावोगावी असे कार्यक्रम करायचे आणि सासूबाईंच्या खात्याचा आकडा कायमचाच वाढवून ठेवायचा. "पुन्हा पुन्हा पडद्यामागे धावायला नको," ते म्हणाले, जणू टक्क्याच्याच पायांची काळजी होती.

त्या दिवशी टक्क्याचं डोकं फिरलं. खेळात एक मदतीचं पान होतं, जे कुणी वाचत नसे. त्यात त्याने साध्या शब्दांत लिहिलं: 'डबी जनावराला टेकते तेव्हाच निकाल लागतो. नंतर डबी हलते ते फक्त दृश्य आहे. कापूस दाबल्याने काहीही होत नाही.' खाली सगळ्या जनावरांचे आकडे दिले. मग टेबलाच्या खणातलं आपलं सामान पिशवीत भरलं आणि हकालपट्टीची वाट पाहत बसला.

बोलावणं आलं. साहेब उभे होते. त्यांनी टेबलाला वळसा घालून टक्क्याला मिठी मारली.

"हे तुला सुचलं कसं?"

पान लोकांनी वाचलं होतं. एकमेकांना पाठवलं होतं. आणि एकमताने ठरवलं होतं की कंपनी घाबरली. कापसाचा गुण इतका आहे की तो दडवावा लागतोय. 'एवढं ठासून सांगतायत म्हणजे पाणी मुरतंय,' असं एकाने लिहिलं होतं आणि त्याला हजारो लोकांनी दाद दिली होती. दुसऱ्या एका शहाण्याने 'काहीही होत नाही' या वाक्याची फोड केली होती. काहीही होत नाही, म्हणजे नुसतं काहीही होत नाही, जे व्हायला हवं तेच होतं. कापूस धडाधड विकला जात होता. वकीलबाई तर हसल्याही होत्या म्हणे. आता कुणी दावा लावला तर दाखवायला लेखी खुलासाही तयार होता.

टक्क्याला बढती मिळाली. पिशवीतलं सामान त्याने वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खणात लावलं.

पानाचा राग फक्त एका व्यक्तीला आला. सासूबाईंनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि साहेबांना फोन लावला.

"तुमच्या खेळात माझा आवाज आहे आणि तुमच्याच पानावर मला खोटं ठरवलंय. खोटं छापणाऱ्या माणसांबरोबर मी काम करत नाही. करार परत घ्या."

साहेबांनी विनवण्या केल्या, मानधन वाढवायची तयारी दाखवली. बाई ऐकेनात. कंपनीने आजवर छापलेल्या एकमेव खऱ्या वाक्यावरून त्यांनी कंपनी सोडली, आणि त्या सबंध प्रकरणात तत्त्वासाठी पदरचं घालवणारं दुसरं कुणी निघालं नाही.

गुडघाही आता वळायला लागला होता. त्यांनी सामान बांधलं. निघताना पार्लरवाली खाली गाडीपर्यंत सोडायला आली आणि रडली. टक्क्याने बॅग गाडीत ठेवली, वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुम्ही मन लावून काम करता, जावईबापू. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या खेळातलं तुम्हाला काही कळत नाही, हे खरं."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. टक्का जिना चढत असताना फोन वाजला. साहेब होते. नवीन जनावर आणायचं होतं, काजळगेंड्याहून देखणं, शिंगांतून ठिणग्या उडणारं.

"आकडा किती ठेवतोयस?"

"तीन ठेवू म्हणतो."

"दोन कर."

"बरं," टक्का म्हणाला, आणि वर जाऊन त्याने दोन केला.